डॉ. जेम्स नेस्मिथ

बास्केटबॉल ह्या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ ह्यांचा जन्म सन १८६१ त कॅनडा देशांत झाला. बाळपणींच आईबाप निवर्तल्यामुळें मामांनीं त्यांचा सांभाळ केला. ईश्वरज्ञानशास्त्राचें शिक्षण संपवून ते अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या विद्यालयांत शिक्षक झाले. हिवाळ्यांत घरांत कोंडलेल्या दांडग्या तरुणांकरितां नवा खेळ शोधण्याचें काम त्यांजकडे आलें. दांडगाईचें मूळ चेंडू घेऊन धांवण्यांत आहे, हें त्यांनीं ओळखिलें. सन १८९१ च्या डिसेंबरांत त्यांनीं दोन टोपल्या उंच टांगून १३ नियम लिहिले. धरणें, ढकलणें, पाडणें हे अपराध ठरले.

पुढें, अपराधाबद्दल विरुद्ध पक्षास १५ फुटांवरील रेषेमागून मोकळी फेक मिळूं लागली. परंतु चेंडू कड्यास लागण्यापूर्वीं फेकणाऱ्याचा पाय रेषेस लागला, तर टोपलींत पडलेल्या चेंडूचाही गुण पंच देत नाहीं.

सन १९३६ त बर्लिन येथील ऑलिंपिकांत हा खेळ झालेला नेस्मिथ ह्यांनीं पाहिला. सन १९३९ त ते निवर्तले. बंधुभगिनींनो, ज्याजवर अन्याय झाला त्यासही रेषेची मर्यादा सुटत नाहीं, हें त्यांच्या खेळांतून आपण शिकावें.