अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

अंगणवाडी हा शब्द आपल्या नाशिक जिल्ह्यात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे नाव कुणी दिलं? ते दिलं ताराबाई मोडक यांनी. त्यांची माहिती मी आज देत आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्या काळी मुलींना शिकणं सोपं नव्हतं, तरी त्या १९१४ साली बी. ए. झाल्या. पुढे भावनगरला त्यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम केलं. मुलांना मारायचं नाही, धाक दाखवायचा नाही, अशी तिथली रीत होती.

शहरात बालमंदिरं निघाली, पण खेड्यातल्या गरीब मुलांचं काय? म्हणून १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी गावी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पण वस्तीवरची मुलं घर सोडून बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शिक्षिका तिथे जाऊन मुलांना आंघोळ घालत, केस विंचरत, गाणी म्हणत. शिंपले, पानं, बिया हीच खेळणी! घर समोरच दिसतंय, मग रडायचं कशाला? हीच ती अंगणवाडी.

१९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. कोसबाद आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात आहे. तिथली आदिवासी मुलं धाकटी भावंडं सांभाळायची, त्यामुळे त्यांची शाळा बुडायची. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी भरवली. तिचं नाव विकासवाडी. ताई शिकते आणि धाकटं जवळच खेळतं.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. १९७५ पासून सरकारी योजनेतून देशभर अंगणवाड्या निघाल्या.

माझा धाकटा भाऊ यंदा अंगणवाडीत जाऊ लागला. आईला द्राक्षबागेत कामाला जायचं असे, आणि हा पदर सोडीना. बाईंनी आईला दोन दिवस आत बसवलं, मग दारात, मग बाहेरच्या ओट्यावर. आई कधी गुपचूप निघून गेली नाही. सांगून जायची आणि सांगितल्या वेळेला परत यायची. आठवडाभरात रडणं थांबलं. मला वाटतं, ताराबाईंचं शिकवणं ते हेच.

मित्रांनो, पहिलीत नवीन आलेलं कुणी रडत असेल तर त्याला चिडवू नका. त्याचा हात धरा आणि आपल्याशेजारी बसवा.