तीन पिढ्यांनी ओळखलेला आजार

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील ईस्ट हॅम्पटन गावी १८५० मध्ये जॉर्ज हंटिंग्टन यांचा जन्म झाला. आजोबा आणि वडील दोघेही त्याच गावचे डॉक्टर. लहानपणी वडिलांबरोबर रुग्णांच्या घरी जाताना जॉर्जला वाटेत दोन कृश स्त्रिया दिसल्या. मायलेकीच त्या. दोघींच्या अंगाला सतत हिसके बसत होते, चेहरे वेडेवाकडे होत होते. ते दृश्य त्याच्या मनातून गेले नाही.

१८७१ मध्ये कोलंबियातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर पुढच्याच वर्षी ओहायोतील डॉक्टरांच्या सभेत त्यांनी ‘कोरिया’वर निबंध वाचला. या कोरियाचा देशाशी संबंध नाही. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ नृत्य. आपोआप होणाऱ्या, नाचल्यासारख्या हालचालींना हे नाव पडले. डॉक्टरांना परिचित होता तो मुख्यतः मुलांना होणारा आणि बहुधा बरा होणारा कोरिया. निबंधाचा बराच भाग त्यावरच होता.

शेवटी मात्र हंटिंग्टन यांनी एक वेगळा प्रकार मांडला. तो घराण्यात चालत येतो, प्रौढ वयात सुरू होतो आणि त्यात मन बिघडून रुग्ण आत्महत्येकडेही वळू शकतो. आई किंवा वडिलांना आजार असेल तर मुलांना धोका. पण एखादा त्यातून सुटला, तर त्याच्या वंशात तो परत येत नाही. मेंडेलचे नियम जगाला १९०० मध्ये नव्याने कळले. त्याआधीच आजोबा-वडिलांच्या नोंदींच्या आधारे या तरुण डॉक्टरने आनुवंशिकतेची रीत अचूक सांगितली होती.

हंटिंग्टन पुढे संशोधक झाले नाहीत. आयुष्यभर ते साधे फॅमिली डॉक्टर राहिले आणि १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. आजाराला मात्र त्यांचे नाव मिळाले: ‘हंटिंग्टन्स कोरिया’. पुढे काही रुग्णांत, विशेषतः लहान वयात आजार सुरू झालेल्यांत, हालचालींऐवजी ताठरपणा दिसतो, हे लक्षात आले. शिवाय विचारशक्ती आणि स्वभावही बदलतात. म्हणून आता ‘हंटिंग्टन्स डिसीज’ असे म्हणतात.

१९९३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावरील सदोष जनुक सापडले. बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. रक्ताच्या चाचणीतून ते कळते. आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. हालचाली आणि नैराश्य यांवर उपचार आहेत. त्यामुळे चाचणी करायची की नाही, हे समुपदेशन घेऊन त्या व्यक्तीनेच ठरवायचे असते.