सगळे बाण ६१७४ कडे

डोंबिवलीत रोज लोकल पकडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, त्यांच्या स्थानकाचे नाव गणितात गेलेले आहे. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात मुंबईपासून तीस मैलांवरचे हे स्थानक डेम्लो म्हणून ओळखले जाई. तिथे सुचलेल्या एका प्रकारच्या संख्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी डेम्लो संख्या असे नाव देऊन टाकले. उदाहरणार्थ २५५३. टोकांचे २ आणि ३ मिळवले की ५, आणि मध्ये पाचच पाच.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे घरात आकडेमोड चाले. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले, पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले आणि शिक्षण तिथेच थांबले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध पाचवीतल्या मुलालाही करून पाहता येतो. चार अंकी संख्या घ्यायची. चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि उत्तरावर पुन्हा तेच. कापरेकरांच्या जन्मवर्षापासून सुरुवात करू. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. त्यानंतर कितीही वेळा करा, ६१७४ च येते. कुठलीही संख्या घेतली तरी सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडले.

हे समजून घेण्याची सोपी वाट म्हणजे ग्राफ थिअरी. इथला ग्राफ म्हणजे रुग्णाच्या खाटेला लटकवलेला तापाचा आलेख नव्हे. नुसते बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. लोकलच्या डब्यातला नकाशा तसाच असतो. अंतर खरे नसले तरी चालते, कोण कोणाला जोडलेले आहे ते महत्त्वाचे. कसाऱ्याची आणि कर्जतची लाइन कल्याणला मिळते, म्हणून कल्याणला खोळंबा झाला की दोन्हीकडचे प्रवासी अडकतात. प्रत्येक चार अंकी संख्येला एक बिंदू मानून तिथून पुढच्या उत्तराकडे बाण काढला, तर फांद्या एकमेकींना मिळत शेवटी ६१७४ या एकाच स्थानकात येतात. दोन अंकी संख्यांत मात्र असे शेवटचे स्थानक नाही. तिथे ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असा फेरा बसतो, बाहेर पडायला वाट नाही.

कापरेकरांच्या स्वयंभू संख्या याच चित्राच्या दुसऱ्या टोकाच्या. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची: ३४ वरून ४१, मग ४६, मग ५६. पण २०, ३१, ४२ अशा काही संख्यांकडे कुठूनच बाण येत नाही. साथीच्या वेळी आरोग्य कर्मचारी कोणाकडून कोणाला लागण झाली याचे बाण काढतात, तेव्हा वस्तीतला असाच बिंदू शोधतात. ज्याच्याकडे वस्तीतून बाण येत नाही, तो आजार बाहेरून घेऊन आलेला असू शकतो. अर्थात, एखादा बाण नोंदवायचा राहून गेला असेल, ही शंका तिथे सतत ठेवावी लागते. संख्यांच्या बाबतीत ती नसते.

त्या काळच्या अनेक गणितज्ञांना हे सगळे पोरखेळ वाटे. पदव्युत्तर पदवी नसलेल्या मास्तराला मोठ्या नियतकालिकांत जागा मिळणे अवघड होते. १९५५ मध्ये ६१७४ वरचा लेख स्क्रिप्टा मॅथेमॅटिकात आला खरा, पण बरेचसे काम स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांतच राहिले. स्वयंभू संख्यांवरची पुस्तिका १९६३ मध्ये देवळालीतच छापली. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरत नव्हते, म्हणून म्हातारपणी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि सत्तरीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. नाव झाले, पण ते फार उशिरा.

१९८६ मध्ये कापरेकर गेले. त्या वर्षाचेही अंक मांडून पाहावेत: ९८६१ वजा १६८९ म्हणजे ८१७२. जन्मवर्षाची वाट दुसऱ्या पायरीला ज्या बिंदूवर येते, तोच हा. तिथून पुढे दोन्ही वर्षांचा मार्ग एकच.