ढाक डावाचे धनी कै. खाशाबा जाधव

हेलसिंकी हें फिनलंड देशाच्या राजधानीचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस भूगोलाच्या पुस्तकांतून ठाऊक असतें. परंतु त्या नगराशीं सातारा जिल्ह्यांतील गोळेश्वर या लहानशा खेड्याचा जो संबंध जडला आहे, तो पुष्कळांस ठाऊक नसतो. २३ जुलै १९५२ रोजीं तेथील ऑलिंपिक सामन्यांत गोळेश्वरच्या एका तरुणानें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताच्या एका खेळाडूनें एकट्याच्या बळावर मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. त्या मल्लाचें, खाशाबा दादासाहेब जाधव यांचें, चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तें ठेवतांना त्यांच्या एका डावाविषयीं थोडें विस्तारानें लिहूं. कारण तो डाव समजला म्हणजे तो पुरुषहि बराचसा समजतो, असें आम्हांस वाटतें.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं झाला. पांच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळें तांबड्या मातीचा वास घरांतच होता. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलांत झालें व पुढें ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत गेले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनीं वाढविलेलें कुस्तीचें माहेरघर. तेथलें खासबाग मैदान अवघ्या महाराष्ट्रास परिचित आहे. बाबूराव बलवडे व बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखालीं खाशाबांनीं मेहनत केली. पैलवान म्हटला कीं धिप्पाड देह व खांबासारख्या मांड्या, असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. खाशाबा तसे नव्हते. अंगानें ते इतके लहान होते कीं, लंडनच्या सामन्यांत ते ५२ किलो वजनाच्या गटांत उतरले. अशा देहानें मोठमोठ्यांस चीत करावयाचें तर नुसत्या जोरावर भागत नाहीं. तेथें डाव लागतो, आणि त्यांचा आवडता डाव होता ढाक.

तालमींत जाणाऱ्या मुलांस ढाक सांगावयास नको, इतरांकरितां सांगतों. प्रतिस्पर्धी जोर करून अंगावर येऊं लागला कीं, मल्ल त्याचा एक हात घट्ट धरतो, आपल्या दुसऱ्या हाताची मिठी त्याच्या मानेभोंवतीं घालतो, आणि त्याच क्षणीं गर्रकन् वळून आपली कंबर त्याच्या पोटाखालीं नेतो. मग अंगास पीळ देऊन कंबर वर उचलली कीं, समोरचा गडी तिच्यावरून उलटा होऊन पाठीवर येतो. यांत जोर बहुतेक त्याचाच; आपण फक्त त्यास वाट दाखवावयाची. आपली कंबर त्याच्या कंबरेहून खालीं गेली पाहिजे, आणि ठेंगण्या मल्लास तें आयतेंच साधतें. मात्र वळतांना आपली पाठ शत्रूच्या स्वाधीन होते, ही यांतील मेख आहे. मिठी ढिली पडली अगर वळण्यास निमिषभर उशीर झाला, तर तोच मागून कंबर धरून आपणांस खालीं घेतो. भित्र्या मनुष्याचा हा डाव नव्हे.

जपानांतील ज्युदो या विद्येंतहि असेच डाव आहेत. जिगोरो कानो नांवाच्या शिक्षकानें १८८२ सालीं टोकियो येथें जुन्या जुजुत्सूंतील प्रकार निवडून ती विद्या उभी केली. तींतील कोशी गुरुमा हा डाव मानेस मिठी घालून कंबरेवरून फेंकण्याचाच आहे. गड्यास खांद्यांवर आडवा उचलून टाकण्याचा आपला कलाजंग डाव, त्यास तिकडे काता गुरुमा म्हणतात. आणि आपल्या धोबीपछाडाचें सेओई नागे या डावाशीं जवळचें नातें दिसतें. भेद मुख्यतः वस्त्राचा. ज्युदोंत अंगांत जाड अंगरखा असतो, त्याची बाही व गळपट्टी धरावयास सांपडते. आपल्या आखाड्यांतील मल्लाच्या अंगावर लंगोटाखेरीज कांहीं नसतें. घामानें हात निसटतो, म्हणून मानेलाच मिठी घालावी लागते. हें येथें सांगण्याचें कारण पुढें येईल.

१९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांनीं खर्चाचा भार उचलल्यामुळें खाशाबा लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. तोंवरचा त्यांचा सारा अभ्यास मातींतला. मातींत कुस्ती चितपट होईपर्यंत चालावयाची. गादीवर मात्र घड्याळाचा कांटा व पंचांचे गुण यांचें राज्य. रीस गार्डनर या परदेशी शिक्षकानें त्यांस गादीवरील रीति शिकविल्या, आणि तेवढ्या अल्प तयारीवर खाशाबांनीं सहावा क्रमांक मिळविला.

पुढील चार वर्षें त्यांनीं कसून मेहनत केली. हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हां अडचण पडली ती पैशाची. गांवकऱ्यांनीं वर्गणी गोळा केली, ओळखीच्यांनीं हातभार लावला. तरी रक्कम पुरेना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आम्ही स्वतः शिक्षकाच्या पेशांतले असल्यामुळें या गोष्टीपाशीं क्षणभर थांबतों. विद्यार्थी पदक आणील अशी हमी कोणीं दिली नव्हती. घर मात्र खरोखरीच गहाण पडलें होतें.

हेलसिंकींत खाशाबा ५७ किलोच्या गटांत उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांस त्यांनीं हरविलें. मग गांठ पडली ती जपानच्या शोहाची इशी यांच्याशीं. इशी हे मूळचे ज्युदोचे खेळाडू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन अंमलांत जपानी शाळांतून ज्युदोस बंदी झाली, तेव्हां ते कुस्तीकडे वळले होते. दोघांचाहि जन्म १९२६ सालचा. एक तांबड्या मातींतून गादीवर आलेला, दुसरा अंगरखा उतरवून ठेवून गादीवर आलेला; कंबरेवरून फेंकण्याची विद्या दोघांच्याहि घरची. अशा गड्यापुढें ढाक लावण्यासाठीं पाठ वळविणें म्हणजे काय, हें वाचकांनींच ताडावें. ती कुस्ती पुष्कळ वेळ चालली व अखेर इशी जिंकले. त्या वर्षीं जपानास मिळालेलें एकमेव सुवर्णपदक तें हेंच.

त्या कुस्तीचा थकवा उतरण्यापूर्वींच खाशाबांस सोव्हिएट रशियाच्या रशीद ममदबेयोव यांच्यापुढें उभें राहावें लागलें. दोन कुस्त्यांमध्यें अर्ध्या तासाची विश्रांति मिळावयास हवी होती. पण तसा आग्रह धरावयास भारतीय पथकांतील एकहि अधिकारी तेथें हजर नव्हता, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलेलें आढळतें. ती कुस्ती ते हरले व तिसरे आले. विश्रांति मिळती तर पदकाचा रंग बदलता काय, हा तर्क आम्ही करीत नाहीं. परंतु परदेशीं एकटा पाठविलेला गडी असा एकटाच राहावा, हें मनास लागतें. दुसऱ्याच दिवशीं आपल्या हॉकीच्या संघानें सुवर्णपदक जिंकलें, आणि देशाचे डोळे साहजिकच तिकडे वळले.

कराडकरांचे डोळे मात्र वळले नाहींत. खाशाबा परत आले तेव्हां शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांस गोळेश्वरास घेऊन गेली. सत्कार आटोपल्यावर त्यांनीं कुस्त्यांची मैदानें भरविलीं, स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचें घर सोडविलें.

१९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार म्हणून रुजू झाले व सहाय्यक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. तोंवर सरकारचा एकहि मोठा क्रीडापुरस्कार त्यांच्या वांट्यास आला नव्हता. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. त्यांच्यानंतर दुसरें वैयक्तिक ऑलिंपिक पदक भारतास मिळावयास ४४ वर्षें लागलीं; १९९६ सालीं लिअँडर पेस यांनीं तें टेनिसमध्यें आणलें. दिल्लींतील कुस्तीच्या क्रीडागारास २०१० सालीं खाशाबांचें नांव देण्यांत आलें. येथें पुण्यासहि विद्यापीठाच्या क्रीडासंकुलावर तें नांव आहे. गोळेश्वरांत त्यांच्या घराचें नांव ऑलिंपिक निवास असें आहे.