श्रीकृष्ण वेलिंगकर

लेफ्टनंट श्रीकृष्ण चुंडा वेलिंगकर (१८९४ - ३० जून, १९१८) हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाकडून लढलेले मुंबईचे वैमानिक होते. केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस महाविद्यालयात शिकल्यानंतर ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले. त्या काळी ब्रिटिश सैन्यात भारतीयांना अधिकारपद क्वचितच मिळत असे. हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल चंदर सेन व वेलिंगकर हे त्याला अपवाद ठरले.

युद्धसेवा

वेलिंगकर २३ व्या स्क्वॉड्रनमधून फ्रान्समधील पश्चिम आघाडीवर सॉपविथ डॉल्फिन हे एक आसनी लढाऊ विमान चालवीत. जून १९१८ च्या अखेरीस गस्तीवर गेलेले त्यांचे विमान परतले नाही. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती सापडले व वयाच्या २३ व्या वर्षी मरण पावले. सोम विभागातील आंगार येथील युद्ध दफनभूमीत त्यांचे थडगे आहे.

तीन आठवड्यांनी, २२ जुलै रोजी, इंद्रलाल रॉयही हवाई लढाईत मारले गेले. त्यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस देण्यात आला. सेन युद्धकैदी झाले. मलिक बचावले व स्वातंत्र्यानंतर फ्रान्समध्ये भारताचे राजदूत झाले. भारतीय हवाई दलाची स्थापना वेलिंगकरांच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनी, ८ ऑक्टोबर, १९३२ रोजी झाली.