शि. रा. रंगनाथन आणि न आलेला अंक

तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी १८९२ साली शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म झाला. तंजावर म्हटले की मराठी अभ्यासकाला सरस्वती महाल आणि भोसले राजांचा हस्तलिखितसंग्रह आठवतो. परंतु भारतीय ग्रंथालयांना शास्त्र देणारा पुरुषही त्याच मुलखातला, हे आपल्याकडे क्वचितच ध्यानात घेतले जाते.

रंगनाथन मूळचे गणिताचे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून एम. ए. झाल्यावर त्यांनी मंगळूर व कोइमतूर येथे आणि पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन केले. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली, पण ती त्यांना प्रारंभी मुळीच रुचली नाही. वर्गातील जिवंतपणा सोडून एकांतात येऊन पडल्याने थोड्याच दिवसांत त्यांनी परत जाण्याची इच्छा दर्शविली. आधी इंग्लंडमध्ये हे शास्त्र पाहून यावे, मग निर्णय घ्यावा, अशी तडजोड झाली. लंडनला बर्विक सेयर्स यांच्यापाशी अध्ययन करून आणि तेथील अनेक ग्रंथालयांचे व्यवहार निरखून १९२५ मध्ये ते परतले, ते ग्रंथपाल होऊनच.

पंचसिद्धांतांवरील ग्रंथ (१९३१) आणि द्विबिंदू वर्गीकरण (१९३३) यांमुळे त्यांची कीर्ती जगभर पसरली, आणि त्यांवर विपुल लिहिले गेले आहे. येथे त्यांच्या एका साध्या, कारकुनी वाटणाऱ्या योजनेकडे लक्ष वेधावयाचे आहे. मद्रासच्या ग्रंथालयात नियतकालिकांसाठी त्यांनी जी तीन कार्डांची पद्धती बसविली, तिच्यात त्यांची गणिती बुद्धी सर्वांत स्वच्छ दिसते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

अडचण अशी, की नियतकालिकाची वर्गणी आगाऊ भरावी लागते आणि माल मात्र वर्षभर तुकड्यातुकड्यांनी येतो. आलेला अंक टेबलावर दिसतो. न आलेला अंक काहीच बोलत नाही. तो नसल्याचे बहुधा बांधणीच्या वेळी किंवा एखादा वाचक तोच अंक मागतो तेव्हा उमगते, आणि तोवर प्रकाशकाकडील प्रती संपलेल्या असतात. परदेशी नियतकालिके त्या काळी बोटीने येत. म्हणजे अंक निघालाच नाही, वाटेत आहे की हरवला, हा प्रश्न मद्रासमध्ये रोजचा होता.

रंगनाथनांनी प्रत्येक नियतकालिकासाठी तीन कार्डे ठेवली. नोंद कार्डावर विक्रेता, वर्गणी, बिले आणि प्रत्येक अंकाची प्रकाशनतिथी व प्राप्तितिथी. ही कार्डे नावांच्या वर्णानुक्रमाने. तिसरे, वर्गीकृत सूची कार्ड, ग्रंथालयात कोणते खंड, पुरवण्या व निर्देशसूची आहेत हे विषयवार सांगणारे. खरी कल्पकता मधल्या तपासणी कार्डात आहे. ते ज्या आठवड्यात पुढचा अंक अपेक्षित असेल त्या आठवड्याच्या मार्गदर्शक कार्डामागे ठेवावयाचे. अंक आला की कार्ड उचलून पुढच्या अपेक्षित आठवड्यामागे न्यावयाचे. आठवडा सरल्यावर जी कार्डे जागीच राहतील, त्यांचे अंक आलेले नाहीत. लगेच स्मरणपत्र धाडावयाचे. कोणाच्याही स्मरणशक्तीवर काही अवलंबून नाही.

मात्र या योजनेचा आधार नियमितपणा आहे. त्रैमासिक वर्षभर मागे पडले असेल तर तपासणी कार्ड दर वेळी मागे राहणार, दर वेळी स्मरणपत्र जाणार, प्रकाशक उत्तर देईनासा होणार आणि अखेर लिपिकही कंटाळून थांबणार. नेमका त्याच सुमारास खरोखर टपालात हरवलेला अंक या गोंधळात लपून जातो. यावर उपाय नोंद कार्डातच आहे. मागील प्राप्तितिथी पाहिल्या की त्या नियतकालिकाचा नेहमीचा विलंब कळतो, आणि तपासणी कार्ड तेवढे पुढे सरकविता येते. विलंब आणि लोप यांतील भेद असा हातानेच करावा लागतो.

प्राप्तितिथीचे आणखी एक मोल संशोधकांनी जाणावे. समजा, मुखपृष्ठावर १९७८ साल असलेला जोडअंक वस्तुतः १९८१ मध्ये निघाला. तर त्यातील लेख अग्रक्रमाच्या वादात कोणत्या सालचा धरावयाचा? ग्रंथालयाची नोंद हा अशा वेळी भरवशाचा पुरावा ठरतो. बांधणीत मलपृष्ठे फाडून टाकणारी ग्रंथालये आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पैशाचा पेच याहून बिकट. अनुदान मार्चअखेर संपते, वर्गणी भरलेली, अंक नाही. लेखापरीक्षक आक्षेप घेतो आणि ग्रंथालय वर्गणी बंद करते. भारतीय भाषांतील लहान संशोधनपत्रिकेचे आयुष्य अशा वर्गणीदारांवरच असल्याने पुढचा अंक आणखी लांबतो.

रंगनाथनांनी दुसरी बाजूही अनुभवली. १९४५ मध्ये मद्रास सोडून ते काशी हिंदू विद्यापीठात आणि १९४७ मध्ये दिल्लीस गेले. तेथे असताना भारतीय ग्रंथालय संघाचे ‘अबगिला’ त्यांनी १९४९ पासून संपादिले. ते १९५३ मध्ये बंद पडले. पुढच्याच वर्षी ‘ॲनल्स ऑफ लायब्ररी सायन्स’ त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले, आणि बंगळूरला प्रलेखन केंद्र स्थापन केल्यावर १९६४ मध्ये आणखी एक नियतकालिक. इतरांचे अंक मोजणारा माणूस उत्तरायुष्यात स्वतः अंक वेळेवर काढण्याच्या विवंचनेत होता.

मद्रासशी त्यांचे नाते मात्र तुटले नाही. मद्रास सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला, त्यामागे त्यांचे अनेक वर्षांचे परिश्रम होते. विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापन व्हावे म्हणून त्यांनी आपल्या बचतीतून १ लाख रुपये दिले आणि अध्यासनाला पत्नी शारदा यांचे नाव जोडले गेले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर विद्यापीठाच्या ग्रंथालयाची १९३६ मधील इमारत उभी आहे. आता बहुतेक मोठ्या ग्रंथालयांत तपासणी कार्डाचे काम संगणक करतो आणि अपेक्षित तारीख उलटली की अंकापुढे ‘विलंबित’ अशी खूण करतो.