फोनमधला एक आकडा आणि ऑयलर

काही गेममध्ये स्कोअर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जातच नाही. ३२ बिटांतला एक चिन्हासाठी जातो, उरलेल्या ३१ मध्ये एवढंच मावतं. मला मात्र हा आकडा दिसला की लिओनार्ड ऑयलर आठवतात.

जन्म १७०७, स्वित्झर्लंडमधलं बासेल. तिशीत उजव्या डोळ्याची नजर गेली, साठीच्या सुमारास डाव्याचीही जवळजवळ गेली. सेंट पीटर्सबर्गमध्ये ते तोंडी सांगायचे, मदतनीस लिहून घ्यायचे. १७७२ पर्यंत त्यांनी हा आकडा मूळ संख्या असल्याचं सिद्ध केलं. ४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्यांपैकी, २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरते, तेवढ्याच त्यांनी तपासायला ठेवल्या.

१७८३ मध्ये ते गेले. आपला फोन सगळेच भागाकार क्षणात करेल. पण कुठले करायचेच नाहीत, हे ऑयलरनी ठरवलं. मला तेच भारी वाटतं.